सर्नमधून निघताना : उन्हाळी अभ्यासक्रमाचे शेवटचे चार आठवडे

जिनिव्हाजवळच्या सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेच्या उन्हाळी विद्यार्थी कार्यक्रमाचा कालावधी आठ ते तेरा आठवड्यांचा असतो. त्यातला पहिला आठवडा ओळखपत्र, संगणकावरचे खाते, सुरक्षेचे ऑनलाइन वर्ग आणि खोलीची किल्ली यांत जातो. जुलैतल्या बहुतेक सकाळी मुख्य सभागृहातल्या व्याख्यानांना दिलेल्या असतात. ऑगस्ट हा युरोपात सुट्टीचाच महिना असल्यामुळे सुपरवायझर स्वतः पंधरा दिवस डोंगरात किंवा समुद्रकिनाऱ्यावर निघून जाण्याची शक्यता मोठी असते. एवढे वजा केल्यावर दहा आठवड्यांच्या मुक्कामात प्रकल्पाच्या वाट्याला सलग असे सहाच आठवडे उरतात, आणि त्या सहांतल्या शेवटच्या चारांत संपवण्याचे काम करावे लागते. मी आवराआवर अखेरच्या आठवड्यावर टाकली होती आणि त्याची किंमत पुढच्या वर्षी माझ्या जागी आलेल्या विद्यार्थिनीने मोजली. माझा प्रोग्राम चालवायला तिला तीन आठवडे लागले. पुढे दिलेला क्रम त्या अनुभवातून आला आहे. मुंबईची टीआयएफआर किंवा पुण्याची आयसर यांसारख्या, सर्नमधल्या सीएमएस या प्रयोगात सहभागी असलेल्या संस्थांतून काही महिन्यांसाठी तिकडे जाणाऱ्यांनाही तो बहुतांशी लागू पडेल.

आधी तारखा

परतीच्या तारखेपासून उलटे मोजत यावे आणि कॅलेंडरवर पाच तारखा लिहाव्यात : कराराचा शेवटचा दिवस, व्हिसाचा शेवटचा दिवस, सुपरवायझरांच्या रजेची सुरुवात, सादरीकरणाचा दिवस आणि अहवाल देण्याचा दिवस. यांतली पहिली दोन कागदावर छापलेली असतात, तरी घोळ त्यांच्यातच अधिक होतो. शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, अल्पमुदतीच्या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येते, आणि उतरल्याचा व निघण्याचा असे दोन्ही दिवस त्यात मोजले जातात. तेरा आठवडे म्हणजे ९१ दिवस. हा एक दिवस ज्यांना मुंबईतच दिसतो ते वेळीच दुसऱ्या प्रकारच्या व्हिसाची चौकशी करतात. ज्यांना तो तिथे गेल्यावर दिसतो त्यांना करार आखडता घ्यावा लागतो. काम संपल्यावर चार दिवस पॅरिस किंवा इंटरलाकेन पाहून यावे, असा बेत असेल तर ते दिवस याच ९० मध्ये बसले पाहिजेत. शिवाय कराराबरोबर मिळालेला आरोग्य विमा कराराबरोबरच संपतो, म्हणून त्या चार दिवसांचा प्रवास विमा वेगळा काढावा. तिकडे पाय मुरगळला तरी दवाखान्याचे बिल पाहून डोळे पांढरे होतात.

सुपरवायझरांच्या रजेची तारीख मात्र विचारल्याशिवाय कळत नाही. ती पहिल्याच महिन्यात विचारावी. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही, तिकडे लोक रजा सहा-सहा महिने आधी ठरवतात आणि मोकळेपणाने सांगतात.

चार आठवडे आधी : प्रश्न गोठवावा

या टप्प्यावर सुपरवायझरांसोबत अर्धा तास बसून एकच गोष्ट ठरवायची असते, ती म्हणजे कोणत्या प्रश्नाचे उत्तर देऊन आपण जाणार आहोत. समजा, झेड बोसॉन या कणाचे दोन म्यूऑनांत, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जड भावंडांत, होणारे विघटन वापरून म्यूऑनांच्या संवेगाचे मोजमाप किती नेमके आहे हे तपासण्याचे काम तुमच्याकडे आहे. झेडचे वस्तुमान सुमारे ९१.१९ जीईव्ही (कणांचे वस्तुमान मोजण्याचे एकक) आहे हे आधीच अत्यंत अचूकपणे मोजलेले आहे. म्हणून आपल्या आलेखातले शिखर तिथून सरकले असेल तर दोष कणात नसून आपल्या मोजमापात असतो, आणि ते डिटेक्टरच्या, म्हणजे कण टिपणाऱ्या यंत्राच्या, कोणत्या भागात किती सरकते यावरून दुरुस्तीचा आकडा काढता येतो. चार आठवडे उरले असताना बॅरलचे, म्हणजे मधल्या दंडगोल भागाचे, शिखराला तुम्ही गणिती सूत्र बसवलेले आहे आणि दोन्ही टोकांच्या एंडकॅपचे काम बाकी आहे, अशी स्थिती असते. अशा वेळी एंडकॅपही उरकून टाकू, असा मोह प्रत्येकाला होतो. तो आवरावा. बॅरलचा एक आकडा, त्याची सांख्यिकी अनिश्चितता, शिखराला बसवलेले सूत्र बदलल्यावर किंवा हिस्टोग्रामच्या कप्प्यांची रुंदी बदलल्यावर तो आकडा किती हलतो याचा तक्ता, एवढे पूर्ण करून दिले तर ते पुढे कोणीतरी वापरते. दोन्ही भागांचे अर्धवट आकडे कोणीच वापरत नाही, कारण त्यांवर किती भरवसा ठेवायचा हे ठरवायला पुन्हा सगळे पहिल्यापासून करावे लागते.

या बैठकीनंतर ठरलेल्या गोष्टी चार ओळींत लिहून सुपरवायझरांना त्याच दिवशी ईमेल करावी. आपल्याकडे मार्गदर्शकांना असे लिहून पाठवणे काहींना उद्धटपणाचे वाटते. तिकडे ते नेहमीचे आहे, आणि पंधरा दिवसांनी सुट्टीवरून परतलेला माणूस हेच का केले असे विचारू लागला तर तीच ईमेल उपयोगी पडते.

तीन आठवडे आधी : काम दुसऱ्याच्या हातात देणे

सर्वांत अधिक वेळ इथे घालवावा, आणि सर्वांत कमी वेळ इथेच घातला जातो. सर्नमधले संगणकावरचे खाते आपल्या कराराशी जोडलेले असते. करार संपल्यावर ते बंद होते आणि त्या खात्याच्या आधाराने जे जे उभे आहे ते सगळे बंद पडते. काय काय उभे आहे याची यादी करायला बसल्यावर ती वाटते त्यापेक्षा लांब निघते. ईओएस या सर्नच्या साठवणीवरच्या वैयक्तिक जागेत ठेवलेल्या डेटाच्या रूट फाइली, प्रोग्राम ठेवण्याच्या गिटलॅबवर आपल्या नावाखाली असलेला प्रकल्प, सर्नबॉक्समधली सादरीकरणे, सर्नच्या ईमेलने उघडलेले ओव्हरलीफ या ऑनलाइन लेखनसाधनाचे खाते, रोज पहाटे आपोआप चालणारे एक्रॉनचे काम, जगभरच्या सामाईक संगणकांवर काम चालवायला लागणारे ग्रिड सर्टिफिकेट, आणि कधीतरी हौसेने उभे केलेले आलेखांचे वेबपान. रोज पहाटे चालणारे काम विशेष धोक्याचे असते, कारण ते बंद पडल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही. आलेख तसाच दिसत राहतो, त्यावरची तारीख मात्र पुढे सरकत नाही.

उपाय सरळ आहे. फाइली गटाच्या सामाईक जागेत हलवाव्यात, गिटलॅबचा प्रकल्प गटाच्या नावावर करावा आणि आपोआप चालणारी कामे गटाच्या सेवा-खात्याकडे द्यावीत. मोठ्या फाइली हलवल्यावर मूळ प्रत लगेच पुसू नये. दोन्हींचा चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा पडताळणीचा आकडा, जुळवून पाहावा, दोन दिवस थांबावे आणि मग पुसावी.

यानंतर मित्राची परीक्षा घ्यावी, म्हणजे खरे तर मित्राकडून आपली परीक्षा करून घ्यावी. प्रोग्राम कसा चालवायचा याच्या सूचना रीडमी नावाच्या फाइलमध्ये लिहिलेल्या असतात, त्यांचीच ही परीक्षा. मी ती फार उशिरा घेतली. निघण्याच्या दोन दिवस आधी, मंगळवारी दुपारी, शेजारच्या टेबलावरच्या मुलाला म्हटले, ‘माझा रीडमी वाच आणि तुझ्या खात्यातून शेवटचा आलेख काढून दाखव, मी बोलणार नाही.’ एलएक्सप्लसवर, म्हणजे सर्नच्या सामाईक संगणकांवर, त्याने प्रकल्प उतरवून घेतला आणि चौथ्याच मिनिटाला पहिली चूक आली. प्रोग्रामच्या सत्तराव्या ओळीत माझ्या वैयक्तिक फोल्डरचा पत्ता जसाच्या तसा लिहिलेला होता. तो सुधारल्यावर दुसरी चूक आली. एक लायब्ररी त्याला सापडत नव्हती आणि मला सापडत होती, कारण माझ्या लॉगिनच्या फाइलमध्ये मी जूनमध्ये कधीतरी एक ओळ घातली होती आणि मला तिचा विसर पडला होता. तिसरी चूक परवानगीची होती, फाइल दिसत होती पण उघडत नव्हती. तीन तासांनी आलेख निघाला, आणि शिखर माझ्या आलेखापेक्षा किंचित वेगळ्या ठिकाणी आले. कारण यादृच्छिक संख्यांचे बीज, म्हणजे त्या ज्या आकड्यापासून तयार होतात तो आकडा, मी कुठेच नोंदवलेले नव्हते. संध्याकाळी सहा वाजता, सगळे जेवायला पहिल्या उपाहारगृहाकडे निघालेले असताना, मला कळले की इतके दिवस मी ज्याला निष्कर्ष म्हणत होतो तो माझ्या एकट्याच्या खात्यातच खरा होता. त्या दोन दिवसांत जेवढे दुरुस्त झाले तेवढे केले, बाकीचे तसेच राहिले.

म्हणून ही परीक्षा तीन आठवडे आधी घ्यावी आणि त्यासाठी तुमच्या प्रकल्पाविषयी काहीच माहीत नसलेला माणूस निवडावा. रीडमीमध्ये सॉफ्टवेअरची नेमकी आवृत्ती, वापरलेल्या डेटासेटची पूर्ण नावे, आज्ञा ज्या क्रमाने द्यायच्या तो क्रम, प्रत्येक टप्प्याला लागणारा अंदाजे वेळ आणि शेवटी मिळणारा आकडा, एवढे असलेच पाहिजे. आकडा लिहिलेला असला की पुढच्याला आपण बरोबर वाटेवर आहोत की नाही हे लगेच कळते. त्याखाली काय काय करून पाहिले आणि जमले नाही, हेही लिहावे. हा भाग लिहिताना हात अडतो, कारण आपण अपयशाची नोंद ठेवत आहोत असे वाटते. परंतु ‘अमुक सूत्र बसवून पाहिले, शिखराच्या डावीकडच्या शेपटीत ते जुळत नाही’ हे एक वाक्य पुढच्या विद्यार्थ्याचा आठवडा वाचवते.

दोन आठवडे आधी : अहवाल आणि परवानगी

उन्हाळी विद्यार्थ्याने प्रकल्पाचा अहवाल देणे अपेक्षित असते आणि हे अहवाल सर्नच्या दस्तऐवज भांडारात नोंदवले जातात. हे भांडार जगाला खुले आहे. तिथे आपले नाव आले म्हणून घरी फोन करून सांगण्याआधी एक गोष्ट समजून घ्यावी. सीएमएस, ॲटलास यांसारख्या प्रयोगांचा डेटा हा संपूर्ण गटाचा असतो, आणि त्यावरून काढलेला, अजून प्रसिद्ध न झालेला आलेख गटाच्या मान्यतेशिवाय बाहेर दाखवता येत नाही. मान्यतेला वेळ लागतो आणि उन्हाळी प्रकल्पातल्या प्रत्येक आलेखासाठी ती मागितली जातेच असे नाही. अशा वेळी दोन मार्ग असतात. एक तर अहवाल गटाच्या सभासदांपुरता मर्यादित ठेवायचा, किंवा खुल्या अहवालात आधीच मान्य झालेले आलेख आणि कार्यपद्धतीचे वर्णन एवढेच ठेवायचे. यांतला कोणता घ्यायचा हे आपण ठरवू नये, सुपरवायझरांना विचारावे, आणि महाविद्यालयात परतल्यावर दाखवायच्या स्लाइडसाठीही तोच नियम लागू आहे हे ध्यानात ठेवावे. आपल्याकडच्या सेमिनारमध्ये उत्साहाने दाखवलेला अप्रकाशित आलेख कोणीतरी फोटो काढून समाजमाध्यमावर टाकतो, आणि मग उत्तर सुपरवायझरांना द्यावे लागते.

लिहिण्याचा माझा क्रम असा आहे : आधी आलेख पक्के करावेत, मग प्रत्येक आलेखाखालची ओळ लिहावी, मग कार्यपद्धती, मग निष्कर्ष, आणि प्रस्तावना सगळ्यांत शेवटी. बहुतेक जण प्रस्तावनेपासून सुरुवात करतात आणि २७ किलोमीटर परिघाचा एलएचसी हा कणत्वरक, १९५४ साली झालेली सर्नची स्थापना, ४ जुलै २०१२ रोजी जाहीर झालेला हिग्ज बोसॉन हे सगळे दोन पाने सांगून झाल्यावर स्वतःच्या कामाशी येईपर्यंत थकून जातात. अहवाल वाचणाऱ्याला ते सगळे ठाऊक असते. त्याला तुमचा बॅरलचा आकडा आणि त्यापुढची अधिक-उणे ही खूण हवी असते. आलेखाखालच्या ओळीत अक्षांवर काय आहे, किती डेटा आहे, ठिपके कशाचे आणि रेषा कशाची हे आले पाहिजे. आलेख कापून दुसरीकडे चिकटवला तरी त्या ओळीवरून तो समजावा, एवढी ती पूर्ण असावी.

मसुदा सुपरवायझरांना रजेच्या किमान एक आठवडा आधी द्यावा. तोंडी सादरीकरणाची संधी मिळाली तर स्लाइड इंडिको या सर्नच्या सभांच्या संकेतस्थळावर चढवायला विसरू नये, कारण आपले खाते गेल्यावरही त्या तिथे राहतात आणि वर्षभराने अर्जात दुवा द्यायचा झाला तर हाताशी असतात.

कागदपत्रे आणि शिफारसपत्र

आपल्या विद्यापीठात हा उन्हाळा श्रेयांक म्हणून धरला जाणार असेल तर तिथला नमुना अर्ज जाण्यापूर्वीच घेऊन जावा. युरोपात पत्रावर सही असली की पुष्कळदा काम भागते, आणि आपल्याकडच्या खिडकीवर मात्र ‘गोल शिक्का कुठे आहे’ असा प्रश्न येतो. माझ्या एका मैत्रिणीचे श्रेयांक या शिक्क्यापायी एक सत्र अडकून पडले. तेव्हा शिक्का लागतो का, लागत असेल तर कोणाचा चालतो, हे आपल्या कार्यालयाकडून लेखी विचारून घ्यावे आणि तिकडे असतानाच सचिवालयाकडून तशी सोय करून घ्यावी.

शिफारसपत्रासाठी विनंती निघण्यापूर्वी समोर बसून करावी, पत्र लागणार असेल ते दीड वर्षांनी का असेना. सोबत एक पान द्यावे, ज्यात आपण नेमके काय केले, कोणती अडचण कशी सोडवली आणि आकडा काय आला हे लिहिलेले असेल. दर उन्हाळ्यात नवा विद्यार्थी येणाऱ्या माणसाला दीड वर्षांनी आपला चेहरा आठवेल, काम आठवेलच असे नाही.

निघण्यापूर्वीच ऑर्किड आणि इन्स्पायर ही संशोधकांच्या नोंदींची संकेतस्थळे, ओव्हरलीफ, आणि जिथे जिथे सर्नची ईमेल दिली असेल तिथे तिथे स्वतःची कायमची ईमेल घालावी. पासवर्ड बदलण्याचा संदेश बंद झालेल्या पत्त्यावर गेला, की ते खाते परत मिळवताना जीव मेटाकुटीला येतो.

शेवटचा आठवडा : परत करायच्या वस्तू

ही कामे किरकोळ आहेत आणि म्हणूनच एकाच दिवशी अंगावर येतात. किरणोत्सर्गाच्या भागात काम असलेल्यांना मिळालेला डोसिमीटर (अंगावर पडलेला किरणोत्सर्ग मोजणारे उपकरण) पंचावन्न क्रमांकाच्या इमारतीतल्या डोसिमेट्री सेवेकडे परत करावा लागतो. तो सामानात चुकून भारतात आला तर पोस्टाने पाठवत बसावे लागते. फ्रान्स किंवा स्वित्झर्लंडच्या परराष्ट्र खात्याचे ओळखपत्र मिळालेले असेल तर तेही परत द्यायचे असते. कार्यालयाच्या किल्ल्या, सुरक्षा बूट आणि हेल्मेट, भाड्याने घेतलेली सायकल, बावन्न क्रमांकाच्या इमारतीतल्या ग्रंथालयाची पुस्तके, हे सगळे गुरुवारपर्यंत उरकावे. शुक्रवारी दुपारनंतर खिडकीपलीकडे माणूस असेलच असे धरून चालू नये.

खोलीचे आणि बँकेचे गणित जोडीने पाहावे. फ्रान्सच्या बाजूला, साँ-जनी-पुईला वगैरे ठिकाणी, खोली घेतली असेल तर येताना आणि जाताना ‘एता दे लियू’ नावाचा खोलीच्या स्थितीचा पंचनामा होतो. येतानाच्या पंचनाम्याची प्रत आणि तेव्हा काढलेले फोटो जाताना हातात असावेत, नाहीतर भिंतीवरचा जुना डाग आपल्या नावावर लागतो. अनामत रक्कम त्याच दिवशी हातात मिळत नाही, ती काही आठवड्यांनी खात्यात जमा होते. खाते त्याआधीच बंद केले तर पैसे अधांतरी राहतात. म्हणून अनामत कोणत्या खात्यात येणार, भारतातल्या खात्यात थेट पाठवतात का, हे आधी ठरवावे, आणि खाते बंद करण्याची विनंती त्यानंतरच द्यावी.

उरलेले स्विस फ्रँक बरोबर आणायचे असतील तर नोटा आणाव्यात आणि नाणी तिथेच कॉफीवर खर्चावीत, कारण आपल्याकडचे चलनविक्रेते नाणी घेत नाहीत. भारतात परतलेल्या निवासी व्यक्तीने उरलेले परकीय चलन १८० दिवसांच्या आत बँकेला विकायचे असते, मात्र २००० डॉलरपर्यंतच्या किमतीच्या नोटा स्वतःजवळ ठेवता येतात. नोटा ५००० डॉलरहून अधिक किमतीच्या असतील तर विमानतळावर सीमाशुल्क विभागाकडे तसे घोषित करावे लागते. उन्हाळी विद्यार्थ्यावर ती वेळ येणे कठीणच.

सामानाविषयी एवढेच सांगतो, की कुकर परत आणू नये. एकोणचाळीस आणि चाळीस क्रमांकाच्या इमारतींमधल्या मोकळ्या जागेत नटराजाची मूर्ती आहे. भारत सरकारच्या अणुऊर्जा विभागाने ती सर्नला भेट दिली आणि १८ जून २००४ रोजी तिचे अनावरण झाले. मला माझा तीन लिटरचा कुकर त्या मूर्तीपाशी भेटलेल्या एका मराठी मुलाकडून मिळाला होता. शिट्टीचा रबर बदललेला, झाकणावर कोणीतरी मार्करने ‘पाणी जास्त घाला’ असे लिहिलेले. निघताना मी तो तिथेच दुसऱ्या मुलीला दिला, सोबत अर्धी पिशवी तूरडाळ आणि गोडा मसाल्याची बरणी. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात ठेवून दिला असता तर आठवड्यात गायब झाला असता.

परतल्यावर

पहिल्या महिन्यात सुपरवायझरांना एक पत्र लिहावे, त्यात आभारांबरोबर अहवालाची स्थिती विचारावी आणि आपली कायमची ईमेल पुन्हा द्यावी. काम पुढे चालू ठेवायची इच्छा असेल तर सर्नचे खाते बंद झाले म्हणून वाट संपत नाही. भारत जानेवारी २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे, आणि सीएमएसच्या हॅड्रॉन कॅलोरिमीटर या ऊर्जामापकाचा बाहेरचा भाग घडवण्यात वाटा असलेली टीआयएफआर कुलाब्याला आहे. तिथल्या किंवा पुण्यातल्या आयसरच्या गटाला आपला अहवाल आणि गिटलॅबवरच्या प्रकल्पाचा पत्ता पाठवता येतो, अर्थात सुपरवायझरांना कळवून.

साधारण ऑक्टोबरच्या सुमारास तुमच्या जागेवर बसलेल्या नव्या माणसाकडून पहिला प्रश्न येईल. त्याला उत्तर पाठवताना तेच उत्तर रीडमीतही घालायला सांगावे. तुम्हाला आता तिथे लिहिता येत नाही, त्याला येते.